मदत हवी आहे: तिरक्या धुराड्याचा झोत हिशोबापेक्षा उंच का जातोय?

विंड टनलमध्ये धुराड्याचं छोटं मॉडेल लावलंय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

तोंडाचा व्यास 10 मिमी. वारा 2 मी/से, झोत 8 मी/से, म्हणजे वेगांचं गुणोत्तर 4. झोत आणि हवा एकाच तापमानाची, त्यामुळे गरम धुराच्या उठावाचा प्रश्नच नाही. धुराड्याचा झोत किती वर चढेल हे सांगणाऱ्या ब्रिग्ज यांच्या सूत्रानुसार झोत वाऱ्याने झुकल्यावर त्याची उंची अंतराच्या घनमुळाप्रमाणे वाढते. उभ्या धुराड्याला ते मस्त जुळलं: 200 मिमी पुढे 89 मिमी.

मग धुराडं वाऱ्याच्या दिशेने 45 अंश कलवलं. वेगाचा उभा घटक, म्हणजे 5.66 मी/से, सूत्रात टाकला, झोत आजूबाजूची हवा किती ओढून घेतो त्याचा गुणांक तोच ठेवला. उत्तर 71 मिमी. फोटोत मात्र दर वेळी 80 च्या आसपास! उंची तोंडापासूनच मोजतेय. कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचं मोजमाप बरोबर दिसतंय, पण उभा घटक काढताना वापरलेला कोनाचा साइन दोनदा धरला गेलाय. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, पण तो वर्ग म्हणजे संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) प्रवाह. तोंडातून दर सेकंदाला बाहेर पडणारी हवा कललं तरी तेवढीच राहते, फक्त तिच्या वेगाचा उभा भाग घटतो. म्हणून साइन एकदाच. 0.707 चं घनमूळ 0.89, त्याला 89 ने गुणा: 79 मिमी.

एकच फोटो मात्र वापरू नका, बऱ्याच फ्रेमची सरासरी घ्या. झोत वाकला की त्यात उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी तयार होते, ती खालची स्वच्छ हवा मधोमध वर खेचते आणि छेद मूत्रपिंडाच्या आकाराचा होतो. मिसळण्याचं बरंचसं काम तीच करते. त्यामुळे सर्वांत दाट धुराची रेषा सर्वाधिक वेगाच्या रेषेच्या खाली असते. तुम्ही कुठली रेषा मोजली ते लिहून ठेवा. आणि गुणोत्तर 1.5 च्या खाली नेलंत तर हे सूत्र तसंच लावू नका, धूर धुराड्याच्या मागे खाली ओढला जातो.

मूळ प्रश्नकर्ती: मनापासून आभार! धुराडं जमिनीपासून 30 अंशांवर असतानाचे जुने फोटो होते, लगेच सरासरी काढली: 72 मिमी. साइन एकदा धरून 71 येतात, दोनदा धरून 56. आता वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने 45 अंश कलवून बघणार आहे. तिथे झोत आधी मागे सरकून मग वळेल, तर अंतर तोंडापासून मोजू की वळणापासून?