पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा : आधी मंजुरी लागते का?

वादी_पक्ष
महाराष्ट्रातलं प्रकरण आहे. गुन्हा न नोंदवता एकाला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, मारहाण केली आणि सोडताना खोटा पंचनामा करून मोटारसायकल जप्त दाखवली. उपनिरीक्षक आणि शासन दोघांवर दिवाणी दावा लावायचा आहे. घटनेला दोन महिने झालेत. शासनाची मंजुरी लागेल का? ‘सद्भावनेनं केलेली कारवाई’ म्हटलं की दावा पहिल्याच तारखेला उडतो, असं ऐकलंय.

कलम_ऐंशी
मंजुरी फौजदारी खटल्याला लागते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २१८). दिवाणी दाव्याला नाही. इथे लागते ती नोटीस, आणि बहुतेक दावे तिथेच मरतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०खाली दोन महिन्यांची नोटीस. शासनासाठी ती सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची, अधिकाऱ्यासाठी त्याच्या हाती किंवा त्याच्या कार्यालयात. वादीचं नाव, वर्णन, पत्ता, दाव्याचं कारण आणि मागणी, एवढं हवंच. दोन महिने मोजायचे ते नोटीस पोचल्यापासून, टपालात टाकल्यापासून नाही. एक दिवस आधी दावा लावला तरी तो टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा बिहारी चौधरी (१९८४) निकाल वाचा.

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम १६१ : अधिकाऱ्याला किमान एक महिन्याची नोटीस आणि कृत्यापासून सहा महिन्यांत दावा. एकाच नोटिशीत दोन्ही कलमं लिहिली तरी चालतं. वादपत्रात (दाव्याच्या मूळ अर्जात) मात्र नोटीस कधी बजावली आणि समोरून भरपाई देऊ केली का, हे दोन्ही लिहायचं. नोटिशीची प्रत जोडून तिच्यावरच ती कधी व कशी बजावली याचं वादीचं घोषणापत्र घ्यायचं. ही शेवटची ओळ सर्रास राहते.

सद्भावनेचं कलम १५९ (याच पोलीस अधिनियमातलं) हा बचाव आहे, तो पुराव्यावर ठरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११खाली (दावा सुरुवातीलाच फेटाळण्याची तरतूद) न्यायालय फक्त वादपत्र बघतं, त्यामुळे तेवढ्यावर दावा उडत नाही. मुदत गेली तर मात्र उडतो.

वादी_पक्ष
नोटिशीचे दोन महिने त्या सहा महिन्यांच्या मोजणीतून वगळले जातात ना?

कलम_ऐंशी
मुदत कायद्याचं कलम १५(२), २९(२)सह वाचून तसा युक्तिवाद होतो. पण तो हाताशी ठेवा, त्यावर विसंबू नका. नोटीस याच आठवड्यात पाठवा, म्हणजे वजावट न धरताही सहा महिन्यांच्या आत दावा बसतो.

जुना_पंच
एक भेद करा. खोटा पंचनामा ‘कर्तव्याच्या नावाखाली’ केलेलं कृत्य धरलं जातं (विरूपाक्षप्पा, १९६३), म्हणून त्याला कलम १६१ची सहा महिन्यांची मर्यादा. कबुलीसाठी मारहाण किंवा डांबून ठेवणं त्यात बसत नाही (महाराष्ट्र राज्य वि. आत्माराम, १९६६). मग बेकायदा अटकावाला मुदत कायद्याचा अनुच्छेद ७३ : सुटकेपासून एक वर्ष.

पण ही दुधारी तलवार आहे. मारहाण कर्तव्याबाहेरची म्हटलीत की शासन म्हणेल, मग आमचा काय संबंध? म्हणून दोन्ही बाजू पर्यायी म्हणून मांडा, आणि सगळंच सहा महिन्यांत आणा. शासनाला प्रतिवादी करणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७ नियम ५-ए मुळे तसंही भाग आहे.

रिट_की_दावा
शासनाकडून पैसे हवे असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा कस्तुरीलाल (१९६५) निकाल आडवा येतो. पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदारानं पळवलं, तरी अटक-जप्ती ही सार्वभौम कामं म्हणून राज्य सुटलं. नंतर त्याची धार बरीच बोथट झाली, तरी सरकारी वकील तो काढतातच. नीलाबती बेहेरा (१९९३) नुसार मूलभूत हक्कांच्या रिटमध्ये (उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात थेट केलेल्या याचिकेत) हा बचाव चालत नाही; तिथे दीड लाख मिळाले होते. अडचण एवढीच की तथ्यंच वादात असतील तर उच्च न्यायालय दिवाणी कोर्टाची वाट दाखवू शकतं.

म्हणून कागद आधी. वैद्यकीय दाखला, ठाणे दैनंदिनीच्या नोंदींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, आणि सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी. परमवीर सिंग सैनी (डिसेंबर २०२०) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने साठवायला सांगितलं आहे, पण मागणी नोंदवली नसेल तर ‘उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.