रीचार्ट्सचा बार चार्ट जेस्टमध्ये रिकामा येतो

प्रश्न: रीचार्ट्स (रिअ‍ॅक्टमधली चार्टची लायब्ररी) वापरून काढलेला चार्ट ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसतो. जेस्टच्या (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणारं साधन) टेस्टमध्ये आधी ‘रिसाइझऑब्झर्व्हर इज नॉट डिफाइन्ड’ आलं; रिसाइझऑब्झर्व्हर म्हणजे आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय. त्याचा रिकामा क्लास दिला तर एरर गेली, पण बार एकही नाही. सगळं रीचार्ट्सच मॉक करू का, म्हणजे त्याजागी नकली कोड ठेवू का?

उत्तर: सगळं नको. जेएसडॉम (टेस्टमधला नकली ब्राउझर) लेआउट मोजतच नाही, म्हणून रिस्पॉन्सिव्हकंटेनरला (उपलब्ध जागेप्रमाणे चार्टचा आकार ठरवणारा रीचार्ट्सचा घटक) रुंदी-उंची 0 मिळते आणि तो आतलं काही काढत नाही. तेवढा एकच बदला: जेस्ट.मॉकच्या फॅक्टरीत (नकली मॉड्यूल बनवून देणारं फंक्शन) रिक्वायरअ‍ॅक्च्युअलने मूळ पॅकेज आणून स्प्रेड करा, म्हणजे त्यातलं सगळं जसंच्या तसं घ्या, आणि रिस्पॉन्सिव्हकंटेनरच्या जागी क्लोनएलिमेंटने (रिअ‍ॅक्ट घटकाची प्रत काढणारं फंक्शन) आतल्या चार्टला विड्थ 800, हाइट 400 देणारं फंक्शन ठेवा. बारचं अ‍ॅनिमेशनही बंद करा, नाहीतर बार वाढायच्या आतच टेस्ट तपासून मोकळी होते.

दुसरं उत्तर: फाइलच्या वर इम्पोर्ट केलेला रिअ‍ॅक्ट फॅक्टरीत वापरू नका, आतच रिक्वायर करा. बेबेल (कोड चालण्याआधी त्याचं रूपांतर करणारं साधन) जेस्ट.मॉकची ओळ इम्पोर्टच्याही वर नेतो, त्यामुळे ‘आउट-ऑफ-स्कोप’ची तक्रार येते.

प्रश्नकर्ता: बार आले! आता डेटपिकर (तारीख निवडायचा घटक) मॉक केला तर ‘एलिमेंट टाइप इज इन्व्हॅलिड… गॉट: ऑब्जेक्ट’.

उत्तर: तो डिफॉल्ट एक्सपोर्ट (मॉड्यूलने बाहेर दिलेली मुख्य गोष्ट) असणार. फॅक्टरीच्या ऑब्जेक्टमध्ये डिफॉल्टसोबत ‘__ईएसमॉड्यूल: ट्रू’ द्या. डेटपिकरऐवजी साधा इनपुट पुरतो, पण खरा पिकर ऑनचेंजला (तारीख बदलली की चालणारं फंक्शन) डेट ऑब्जेक्ट देत असेल तर मॉकनेही तेच द्यावं. इव्हेंट तसाच पुढे ढकललात तर टेस्ट हिरवी आणि फॉर्म मोडलेला.