मदत हवी आहे : 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' मराठीत कसं म्हणू?

फोंड्यातल्या एका जुन्या दुकानावरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. माल, फळ्या, वजनकाटा, उधारीची वही, सगळंच 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' विकलं, असं त्यात आहे. अर्थ ठाऊक आहे: बंदुकीची कळ, दस्ता आणि नळी, म्हणजे अख्खी बंदूक. (भाच्याने 'कुलूप, माल आणि पिंप' केलं होतं!)

'बाडबिस्तऱ्यासह' लिहून पाहिलं, पण बिऱ्हाड हलवल्यासारखं वाटतं. 'आमूलाग्र' बदलाला शोभतं, विक्रीला नाही. 'संपूर्णपणे' अगदीच अळणी. कायदेशीर कागद नाही, त्यामुळे बोलीतलं चालेल. फक्त पेडण्यापासून काणकोणापर्यंत, म्हणजे अख्ख्या गोव्यात, कळायला हवं.

'सगळ्या सरंजामासकट दुकान विकलं' म्हटलं तर जहागिरीचा वास येईल का, की याहून नेमकं काही सुचतंय?