‘हीलिंग’, ‘रिकव्हरी’ आणि आपली खपली

उंबरठा :
एका रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर काय करायचं, काय टाळायचं, असं ते आहे. मूळ इंग्रजीत ‘हीलिंग’ आणि ‘रिकव्हरी’ पानोपानी. मी पहिल्याला ‘जखम भरून येणे’ आणि दुसऱ्याला ‘बरे होणे’ केलं. तपासून परत आलं तेव्हा दोन्ही खोडलेले आणि वर लाल शाईत ‘उपशमन’ व ‘पुनर्प्राप्ती’. पुनर्प्राप्ती म्हटलं की मला बुडीत कर्ज वसूल झाल्यासारखं वाटतं. पोटावर टाके घेऊन घरी निघालेल्या आजींना ‘पुनर्प्राप्तीच्या काळात जड वस्तू उचलू नये’ हे वाचून काय कळणार? शब्द सुचवा.

कारकून :
ताई, तुमचेच शब्द ठेवा. उपशमन म्हणजे शांत होणं, कमी होणं. खाज उपशमन पावेल, टाके कसे पावतील?

आपल्याकडे ‘हीलिंग’ला एक शब्द नाही, ही गरिबी नाही. उलट प्रत्येक दुखण्याला जायची वेगळी वाट आहे. जखम सुकते, खपली धरते, भरून येते. हाड भरून येत नाही, ते सांधतं किंवा जुळून येतं. सूज ओसरते. ताप उतरतो किंवा निघतो. कांजिण्या सुकतात. खोकला सुटतो, म्हणजे कफ मोकळा होतो. आणि गंमत बघा, जखम पिकली तर काळजी, पण सर्दी पिकली तर आई म्हणते, ‘आता दोन दिवसांत जाईल.’ डोळ्यांचं मात्र जपून बोलावं लागतं. डोळे येतात तो आजार, म्हणून बरे झाल्यावर ‘डोळे गेले’ म्हणून चालत नाही!

यातलं एकही क्रियापद रोग्याला कर्ता करत नाही, हे लक्षात घ्या. मला बरं वाटतं. त्याला उतार पडला. तिला गुण आला. माणूस नुसता ‘ला’ लावून बाजूला बसलेला, आणि काम करतोय ताप, खोकला, नाहीतर औषध. इंग्रजीतल्या ‘आय ॲम हीलिंग’ला मराठी वाक्य सापडत नाही त्याचं कारण हेच असावं. ‘मी भरून येतेय’ कोण म्हणेल?

खलबत्ता :
वैद्यकी करतो, म्हणून थोडं जुनं सांगतो. संस्कृतात जखम भरण्याला ‘रोपण’ म्हणतात. धातू ‘रुह्’, उगवणे, वर येणे. त्याच धातूतून रोप, आरोहण आणि आपली ‘रूढी’ आली. भरलेली जखम म्हणजे ‘रूढ’ व्रण. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यात आधी शोधन, म्हणजे जखम स्वच्छ करणं, आणि मग रोपण. घाण आत ठेवून वरून रोपण करू नये, हे तत्त्व. जात्यादी तेलाला आम्ही आजही व्रणरोपण तेल म्हणतो. भात लावताना आपण रोपणी करतो, तसंच मांस खालून उगवत वर येतं. तुमचं ‘भरून येणे’ याच्या फार जवळचं आहे.

आणि ‘व्रण’ शब्द जपून वापरा. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठीत बहुतेकांना तो जखमेची खूण वाटतो, त्याचाच ‘वण’ झाला. सुश्रुतानं व्रण शब्दाची फोड करतानाच म्हटलंय की भरल्यावरही त्याची खूण देह असेपर्यंत जात नाही. तेव्हा हा अर्थबदल अगदीच आगंतुक नाही. पण पत्रकात ‘व्रणाची काळजी’ लिहिलंत, तर निम्मे लोक जखम समजतील आणि निम्मे डाग जाण्याचं मलम मागतील.

उंबरठा :
वैद्यबुवा, ‘गुण येणे’ चालेल का? की फार घरगुती होईल?

खलबत्ता :
चालेल, पण तो औषधाचा. ‘गोळीनं गुण आला’ ठीक, ‘जखमेला गुण आला’ जरा अवघडल्यासारखं. आमच्याकडे लोक गुण औषधाला देतात किंवा थेट वैद्याच्या हाताला. ‘हातगुण चांगला आहे हो तुमचा.’ मग सहा महिने काढा न चुकता घेतला त्याचं श्रेय ना काढ्याला, ना रोग्याच्या पथ्याला. सवय झाली आता.

मांडवीकाठ :
गोव्यातून. आमच्याकडे आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणतात. मुंबईहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी पहिल्यांदा ऐकलं, तर म्हणाले, ‘मला काही झालेलं नाही.’ ‘बरा’ मुळात संस्कृत ‘वर’ वरून, म्हणजे उत्तम, निवडक. कोकणीत तो चांगुलपणा टिकला. मराठीत त्याची घसरण बघा : ‘सिनेमा कसा होता?’ ‘बरा होता.’ म्हणजे पैसे अर्धे वाया. ‘तब्येत बरी आहे’ म्हणणारा खडखडीत झालाय की अजून कण्हतोय, ते त्याच्या आवाजावरून ठरवावं लागतं. आणि ‘बरंवाईट झालं’ म्हटलं तर त्यात बरं काहीच नसतं.

कारकून :
म्हणूनच खात्री द्यायला पुढे काहीतरी जोडतो आपण. खडखडीत बरा, ठणठणीत बरा. खडखडीत म्हणजे ओल उरली नाही असा. ठणठणीत म्हणजे टिचकी मारली की वाजणारा, मडकं विकत घेताना वाजवून बघतात तसा. तडा असेल तर नाद बद्द येतो. पण जखम ‘ठणकते’ तेव्हा मात्र पळापळ. टुणटुणीतचं सोपं आहे, तो उड्या मारायलाच लागलेला असतो.

वर्तमानपत्रांनी अलीकडे रोग्याला कर्ता केलंय. ‘कर्करोगावर मात’, ‘मृत्यूशी झुंज’. मात हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द, फारसीतून आलेला. वाचायला जोरदार वाटतं, मान्य. पण मग जो गेला त्याची ‘झुंज अपयशी ठरली’ हेही छापावं लागतं, जणू त्याचाच डाव चुकला. २०२० मध्ये ‘कोरोनावर मात’चे मथळे रोज होते. त्याच बातम्यांत आकड्यांपाशी ‘बरे होऊन घरी गेलेले’ असं साधं लिहिलेलं असायचं. मी तेवढंच वाचायचो.

उंबरठा :
एक राहिलं. रोग परत येतो त्याला ‘पुनरावृत्ती’ लिहून आलंय.

कारकून :
दुखणं उलटलं! ‘विषमज्वर उलटला’ हे जुन्या माणसांच्या तोंडी सर्रास होतं. व्यसनाच्या बाबतीत ‘घसरला’ म्हणतात. तिथे आणखी एक अडचण आहे. पुण्यात मुक्तांगण हे दारू-ड्रग्ज सोडवणारं केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द आज घरोघरी माहीत आहे. पण मुक्ती म्हटली की काम संपलं. तिथून बाहेर पडलेला माणूस तर रोज सकाळी नव्यानं आजचा दिवस न पिण्याचं ठरवतो. त्या चालू असलेल्या स्थितीला सुटसुटीत शब्द मला अजून सुचलेला नाही. पत्रकात तो लागत नाही, हे आपलं नशीब.

उंबरठा :
आणि रोग गेलाय, पण अजून जिना चढवत नाही, तो मधला काळ?

मांडवीकाठ :
‘दुखण्यातून उठलाय, अजून अंग धरलं नाही.’ माझी आजी एवढं म्हणून पेज वाढायची.

उंबरठा :
‘अंगात ताकद येईपर्यंत जड उचलू नये. खपली काढू नये. जखम भरून आली तरी डॉक्टरांना दाखवावे.’ असं पाठवलं, आणि आज मंजूर होऊन आलं. आतल्या पानांवरची ‘पुनर्प्राप्ती’ सगळी गेली. मुखपृष्ठावर मात्र राहिली आहे, ठळक अक्षरांत. ते पान म्हणे आधीच छापून झालं होतं.