शब्द हवा: म्हाताऱ्या माणसांच्या ‘अँग्झायटी’ला काय म्हणायचं?

पोफळी: जीएडी-७ ही अँग्झायटी मोजायची ७ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करतेय, सत्तरीपुढच्या लोकांना तोंडी विचारायला. गेल्या २ आठवड्यांत अमुक त्रास कितीदा झाला, असं त्यात असतं. ‘चिंता वाटते का’ म्हटलं की आजी म्हणतात, मला कसली चिंता, पोरं मार्गी लागली. आणि लगेच सांगतात, रात्री जीव घाबरा होतो, डोळ्याला डोळा नाही. मग खूण कुठं करू?

नागपूरकर: ‘काळजी’ लिहून टाका ना.

पोफळी: त्याला सगळेच हो म्हणतात. नातवाची काळजी नसलेली आजी दाखवा.

जुनाखडू: चिंताविकृती हा रूढ शब्द असताना हा खटाटोप कशाला?

उंबरठा: सर, विकृती म्हणालात तर आमची आई उठून घरी जाईल. चौथी शिकलेली बाई ‘टेन्शन येतं’ म्हणते, तेच ठेवा.

जुनाखडू: म्हणजे मराठी गुंडाळून ठेवायची!

बाराखडी: ओपीडीत बसते म्हणून सांगते, ‘घाबरं होतं’ घेणार असाल तर जपून, त्यात धडधड, दम कोंडणं, चक्कर सगळंच येतं आणि ते हृदयानं, थायरॉइडनं, दम्याच्या पंपानंही होतं, ते आधी बघावंच लागतं, पण ईसीजी नॉर्मल आला की ‘काही नाही, वय झालं’ म्हणून पाठवून देतात आणि खरा आजार राहतो तसाच. वर शेजारीण तिची झोपेची गोळी देते, मग तोल जाऊन पडतात.

सातारी: पडण्यावरून आठवलं. सासरे मोरीत घसरले, हाड शाबूत, पण तेव्हापासून जिना उतरत नाहीत. आमच्यात याला ‘धसका घेतला’ म्हणतात. धास्ती पुढच्याची, धसका घडून गेलेल्याचा. शिवाय धाकधूक, घालमेल, हुरहूर...

नागपूरकर: हुरहूर प्रेमातली हो, मोरीतली नाही.

पोफळी: ‘जिवाला घोर लागतो का?’ असं विचारलं तर?

जुनाखडू: घोर चालेल. पण काळजी हा शब्द थेट काळजातून आलाय, त्याची सर नाही.

उंबरठा: काळीज म्हणजे मुळात यकृत, संस्कृतात कालेय. मटणवाल्याकडे कलेजी मागा, काय देतो बघा.

जुनाखडू: मग ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो ते काय यकृताचे ठोके?