मदत हवी आहे: कॅल्शियम क्लोराइडची द्रावण एन्थाल्पी (एक मोल विरघळताना बाहेर पडणारी, म्हणजे उणे, किंवा शोषली जाणारी, म्हणजे अधिक, उष्णता) पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी का येते?

अडकित्ता: ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड १०० मिली पाण्यात विरघळवल्यावर तापमान ३.४ अंशांनी वाढले. नेहमीच्या सूत्राने (वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानवाढ, भागिले मोल) मला उणे ३३ किलोज्यूल प्रति मोल मिळतात, पुस्तकात मात्र उणे ८१ च्या आसपास आहे. द्रावण थंड झाल्यावर त्यात तेवढेच पाणी घातले, तर तापमापीतला पारा हललाही नाही. मग विरलन एन्थाल्पी (द्रावणात आणखी पाणी घातल्यावर होणारी उष्णतेची देवघेव) शून्य धरायची का? उद्या नोंदवही द्यायची आहे.

जुना प्रयोगकर्ता: भांडे कोणते होते, ते लिहिलेच नाही. काचेचे चंचुपात्र बरीच उष्णता स्वतःच घेते, म्हणून आधी कॅलरीमीटरची, म्हणजे प्रयोगाच्या भांड्याची, उष्माधारकता (ते एका अंशाने तापायला लागणारी उष्णता) काढा. मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो.

स्फटिक: भांड्याने काही टक्के जातील, निम्म्याहून अधिक कसे जातील? बाटलीवर निर्जल (स्फटिकात पाणी नसलेले) लिहिले आहे की सजल (स्फटिकात पाणी बांधलेले)? आणि वस्तुमान नुसत्या पाण्याचे १०० ग्रॅम धरले की मिठासह १०५?

हिमकण: मिठे विरघळताना नेहमी उष्णताच बाहेर पडते असे नाही. अमोनियम नायट्रेटची द्रावण एन्थाल्पी अधिक २५.७ किलोज्यूल प्रति मोल आहे, म्हणून त्याचे द्रावण गार पडते.

जुना प्रयोगकर्ता: ते कोणी विचारले आहे? आणि 'काही टक्के' हे मोजल्याशिवाय कसे ठरवले?

अडकित्ता: वस्तुमान १०५ धरले, रेणुभार १११. बाटलीवर 'द्विजल' असे लिहिले आहे. त्याने काय फरक पडतो?

स्फटिक: सगळा फरक त्यानेच पडतो. द्विजल मिठाचा रेणुभार १४७ आहे, त्यामुळे तुमचे १४९२ ज्यूल ०.०४५ ने नव्हे, तर ०.०३४ मोलने भागायचे. उत्तर उणे ४४ च्या जवळ येईल. उणे ८१ हा आकडा निर्जल मिठाचा आहे. द्विजलात पाण्याचे दोन रेणू आधीच बांधलेले असल्याने त्या जलयोजनाची (पाणी जोडले जाण्याची) उष्णता स्फटिक बनतानाच निघून गेलेली असते, म्हणून या दोन आकड्यांची तुलनाच करू नये.

विरलन एन्थाल्पी शून्य नसते, पण ती तुमच्या तापमापीला दिसण्याइतकी मोठीही नसते. पोटॅशियम क्लोराइडचे पाहा: एका मोलला ५०० मोल पाणी असताना द्रावण एन्थाल्पी अधिक १७.५८, अनंत विरल द्रावणात (आणखी पाणी घालूनही फरक पडू नये इतके पाणी असताना) १७.२२; म्हणजे त्या विरलनाची एन्थाल्पी उणे ०.३६ किलोज्यूल. ती अशीच, दोन द्रावण एन्थाल्पींच्या वजाबाकीने काढा आणि प्रत्येक आकड्यापुढे पाण्याचे प्रमाण लिहा.

जुना प्रयोगकर्ता: तरी उष्माधारकतेची दुरुस्ती नोंदवहीत हवीच.