मदत हवी आहे : डियुलाफॉय लीजन, क्लिप लावूनही पुन्हा संडासला काळं होतंय

वडील, वय ६८. अचानक रक्ताची उलटी, संडासला डांबरासारखं काळं, हिमोग्लोबिन ६.२. पहिल्या एंडोस्कोपीत नुसत्या रक्ताच्या गुठळ्या, अल्सर कुठेच नाही. दुसऱ्या वेळी जठराच्या वरच्या भागात, अन्ननलिकेच्या तोंडाजवळ, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून चिळकांडी उडताना दिसली. निदान डियुलाफॉय : अस्तराखालची धमनी जिथे बारीक व्हायला हवी तिथे १ ते ३ मिमी जाडच राहते, आणि व्रण नसतानाही फुटते. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन क्लिप (धमनी चिमटून बंद करणाऱ्या) लावल्या.

आता पुन्हा काळं होतंय. लोहाच्या गोळीनेही काळं होतं, पण ती चालू नाही (कुणीतरी विचारणारच). हिमोग्लोबिन ९ वरून ८, बीपी ठीक, ॲडमिटच आहेत. दारू नाही, लिव्हर नॉर्मल, एच. पायलोरी (अल्सर करणारा जिवाणू) निगेटिव्ह, पॅन्टोप्राझोल (ॲसिड कमी करणारं औषध) चालू. खरी अडचण पुढे आहे. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट टाकलाय, त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल थांबवलं तरी ॲस्पिरिन चालू ठेवलंय. किडनीही थोडी कमजोर, क्रिएटिनिन १.९. एम्बोलायझेशनची (नळी घालून रक्तवाहिनी आतून बंद करण्याची) सोय इथे नाही, पुण्याला हलवावं लागेल.

डॉक्टरांशी उद्या बोलायचंय. अनुभवी मंडळींनी सांगावं : अशा वेळी तिसऱ्यांदा एंडोस्कोपी करून बँड (धमनी आवळणारं रबरी कडं) लावतात, की थेट सीटी अँजिओ (डाय टोचून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन)? आणि रक्तस्राव थांबून थांबून होत असेल तर सीटीत तो सापडतो का, की डायचा भार उगाच किडनीवर?